शेवटच्या तासाचा वाद

भांडवलशाही हा शब्द उच्चारला की बहुतेक माणसे दोन तटांत उभी राहतात. एका तटातली मंडळी म्हणतात, जगात जी काही भरभराट झाली ती हिच्यामुळे. दुसऱ्या तटातली म्हणतात, जगात जे काही दैन्य उरले ते हिच्यामुळे. दोघांचाही आवाज चढतो आणि मूळ गोष्ट बाजूला राहते. म्हणून आज मी तुम्हांला ह्या तटांवर नेणार नाही. एक साधा प्रश्न घेऊ आणि त्याच्या मागोमाग दोनशे वर्षे चालत जाऊ. प्रश्न असा: मजुराचा दिवस किती तासांचा असावा?

तुम्ही म्हणाल, हा काय प्रश्न झाला? आठ तास काम, आठ तास झोप, आठ तास आपले स्वतःचे. हे तर शाळेतल्या मुलालाही ठाऊक आहे. खरे आहे. पण हे आठ तास कुणी आकाशातून टाकलेले नाहीत. त्यांतला एकेक तास वाद घालून, अर्ज करून, कधी संप करून मिळवावा लागला आहे. आणि तो देताना दर वेळी कुणीतरी विद्वान माणसाने गणित मांडून सांगितले आहे की, एवढा तास सोडला तर धंदा बुडालाच म्हणून समजा. भांडवलशाहीचा आणि तिच्या टीकाकारांचा सारा इतिहास ह्या एका तासाच्या वादात पाहता येतो.

गिरण्या निघण्यापूर्वी माणूस कमी काम करीत होता असे कुणी समजू नये. सुगीच्या दिवसांत शेतकरी पहाटेपासून रात्रीपर्यंत राबतच होता. इंग्लंडातला विणकरही आपल्या घरी मागावर बसला की तासन्‌तास उठत नसे. पण तो सोमवारी बहुधा मागाला हातच लावीत नसे. मंगळवारी रमतगमत सुरुवात करी आणि मग शुक्रवार-शनिवारी रात्रीचा दिवस करून कापड पुरे करी. काम पुष्कळ होते, पण कामाचा लगाम त्याच्या हातात होता. घड्याळ त्याच्यावर चालत नव्हते.

१७७१ साली रिचर्ड आर्कराइटने डर्बीशायरमध्ये क्रॉमफर्ड येथे नदीच्या पाण्यावर चालणारी सूतगिरणी काढली आणि हा लगाम हातचा गेला. कारण सरळ आहे. चरखा कोपऱ्यात पडून राहिला तर कुणाचे फारसे नुकसान होत नाही. पण इमारत, पाणचक्की, शेकडो चात्या ह्यांत हजारो पौंड गुंतले की यंत्र थांबलेला प्रत्येक तास मालकाला बोचू लागतो. यंत्राला झोप लागत नाही, भूक लागत नाही. मग त्याच्याजवळ उभ्या राहणाऱ्या माणसाला तरी का लागावी, असे वाटू लागते. क्रॉमफर्डची गिरणी बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांत रात्रंदिवस चालू लागली, आणि तिच्यात पुष्कळशी मुलेच होती. मालक दुष्ट होते म्हणून हे झाले असे म्हणणे सोपे आहे, पण ते पुरेसे नाही. शेजारचा मालक बारा तास गिरणी चालवीत असता आपण दहा तास चालवली तर बाजारात आपले सूत महाग पडेल, ही भीती चांगल्या माणसालाही होती. एकट्याने चांगले वागणे परवडू नये, अशी ती व्यवस्था होती.

ह्या व्यवस्थेचा पहिला मोठा भाष्यकार ॲडम स्मिथ. त्याचा 'राष्ट्रांची संपत्ती' हा ग्रंथ १७७६ सालचा. स्मिथ म्हणजे भांडवलशाहीचा भाट, अशी आपल्याकडे समजूत आहे. पण ग्रंथ उघडून पाहा. टाचणीसारखी वस्तू तयार करण्याचे काम अनेकांत वाटून दिले की उत्पादन किती वाढते हे तो कौतुकाने सांगतो. मग पुढे तोच सांगतो की, जन्मभर एकच क्षुल्लक क्रिया करीत राहिलेल्या माणसाची बुद्धी गंजून जाते. मालक आपसांत मजुरी वाढू न देण्याचा गुपचूप करार करतात आणि त्याची वाच्यता होत नाही, हेही त्यानेच लिहून ठेवले. आणि आपल्या आजच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे, बेताने काम करणारा माणूस प्रकृती टिकवतो आणि वर्षाकाठी अधिक काम करतो, असे त्याने स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे ह्या घराचा पहिला टीकाकार घरातलाच निघाला.

दुसराही घरातलाच. रॉबर्ट ओएन हा स्वतः गिरणीमालक. १८०० साली स्कॉटलंडमधल्या न्यू लॅनार्कच्या गिरण्या त्याच्या ताब्यात आल्या. त्याने दहा वर्षांखालची मुले कामावर घेण्याचे बंद केले, त्यांच्यासाठी शाळा काढली, तास कमी केले. अमेरिकेतून कापूस येणे बंद झाले तेव्हा चार महिने गिरणी बंद ठेवूनही त्याने मजुरांना पूर्ण पगार दिला. एवढे करून गिरणी नफ्यात! देशोदेशींचे लोक हा चमत्कार पाहायला येत. पण शेजारच्या मालकांनी तो पाहिला आणि पुन्हा आपापल्या गिरणीत जाऊन बारा-तेरा तासांची घंटा वाजवली. ओएनला त्यावरून एक धडा मिळाला. चांगल्या उदाहरणाने काम भागत नाही, सर्वांना सारखा लागू होईल असा कायदा हवा. त्याने पार्लमेंटकडे धाव घेतली. आठ तासांच्या दिवसाचा पुकारा करणाऱ्यांत तो पहिल्यांपैकी एक होता.

कायदा आला, पण हळूहळू. १८३० साली रिचर्ड ओस्टलर ह्या गृहस्थाने लीड्सच्या एका वृत्तपत्रात पत्र लिहून विचारले की, दूर देशांतली गुलामगिरी संपवायला निघालेल्या आपल्या लोकांना यॉर्कशायरच्या गिरण्यांतली मुले दिसत नाहीत काय? ओस्टलर क्रांतिकारक नव्हता; राजा, चर्च आणि जुन्या चालीरीती मानणारा सनातनी होता. भांडवलशाहीवर टीका करणारे सगळे डावेच असतात असे नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. १८३३ साली कायदा झाला. कापडगिरण्यांत, रेशमाच्या गिरण्या वगळून, नऊ वर्षांखालच्या मुलांना बंदी झाली. नऊ ते तेरा वर्षांच्या मुलांना आठवड्याचे ४८ तास आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना दिवसाचे बारा तास अशी मर्यादा पडली. ह्या आधीचे कायदे कागदावरच राहिले होते. ह्या वेळी सरकारने चार तपासनीस नेमले. चार माणसे म्हणजे काय, असे वाटेल. पण ह्या चौघांच्या अहवालांनी पुढे मोठे काम केले.

आता ह्या नाटकातले मुख्य पात्र रंगभूमीवर येते. नॅसॉ सीनियर हे ऑक्सफर्डचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक. तास दहावर आणा अशी चळवळ जोरात होती. सीनियरसाहेबांनी १८३७ साली कारखाना कायद्यावर पत्रे प्रसिद्ध केली आणि त्यांत एक हिशेब मांडला. समजा, गिरणीत एक लाख पौंड भांडवल आहे. वर्षाचा माल विकून एक लाख पंधरा हजार पौंड येतात. गिरणी रोज साडेअकरा तास चालते, म्हणजे तेवीस अर्धे तास. तेव्हा एकेक अर्धा तास वर्षाला पाच हजार पौंड मिळवून देतो. पहिले वीस अर्धे तास भांडवल भरून काढण्यात गेले. एकविसावा इमारत आणि यंत्रांच्या झिजेत गेला. राहिले शेवटचे दोन, म्हणजे एक तास. निव्वळ नफा दहा हजार पौंड, तो काय तो ह्या शेवटच्या तासात! दिवस एका तासाने कमी करा, नफा नाहीसा झाला. नफा नाही तर गिरणी नाही, गिरणी नाही तर मजुरी नाही. उलट दिवस दीड तासाने वाढवला तर नफा दुपटीहूनही अधिक होईल, असेही त्यांनी सांगून टाकले.

हिशेब कसा नेटका दिसतो, नाही का? ऑक्सफर्डच्या प्राध्यापकाने मांडलेला, बेरीज-वजाबाकी बिनचूक. वर्गात हा हिशेब मी फळ्यावर मांडतो तेव्हा पहिल्या पाच मिनिटांत कुणालाच त्यात खोट सापडत नाही. मग मी पौंड आणि गिरणी पुसून टाकतो आणि भाकरीवर येतो.

एक बाई रोज तेवीस भाकरी करून विकते. वीस भाकरींच्या पैशांत पीठ, सरपण आणि जागेचे भाडे निघते. एकविसाव्या भाकरीचे पैसे तवा-परातीच्या झिजेसाठी बाजूला पडतात. शेवटच्या दोन भाकरींचे पैसे तिची कमाई. आता एके दिवशी तिने दोन भाकरी कमी केल्या. तिची सगळी कमाई गेली काय? कोणतीही बाई हसून सांगेल, "अहो, दोन भाकरी थापल्या नाहीत तर त्यांचं पीठही वाचलं, सरपणही वाचलं!" भाडे तेवढेच राहते, तेव्हा कमाई थोडी घटेल, हे खरे. पण सगळी जाणार नाही. कारण पीठ पहिल्या वीस भाकरींत आणि कमाई शेवटच्या दोन भाकरींत, अशी वाटणी परातीत झालेलीच नसते. प्रत्येक भाकरीत थोडे पीठ आहे, थोडे सरपण आहे, थोडी कमाई आहे. गिरणीचे तसेच. एक तास कमी सूत काढले तर एक तासाचा कापूसही शिल्लक राहतो. सीनियरसाहेबांनी नेमका हा कापूस हिशेबातून निसटू दिला.

ही चूक सर्वांत झणझणीत शब्दांत दाखवली ती कार्ल मार्क्सने, १८६७ साली 'भांडवल' ग्रंथाच्या पहिल्या खंडात. पण त्याच्या आधीच व्यवहाराने निकाल दिला होता. प्रेस्टन येथील एक गिरणीमालक रॉबर्ट गार्डनर ह्यांनी १८४४ साली आपण होऊन दिवस बाराऐवजी अकरा तासांचा केला. वर्षभराने पाहिले तर माल तेवढाच निघाला होता आणि खर्चही तेवढाच. न थकलेला माणूस कमी धागे तुटू देतो आणि तुटलेला चटकन जोडतो, हे सीनियरसाहेबांच्या आकड्यांत कुठेच बसत नव्हते.

१८४६ साली पार्लमेंटात दहा तासांच्या विधेयकावर वाद झाला, तेव्हा आपल्या ओळखीचे एक गृहस्थ बोलायला उभे राहिले. तेच ते मेकॉले, ज्यांनी १८३५ साली हिंदुस्थानच्या शिक्षणाचा निवाडा करून टाकला होता. ह्या वेळी मात्र ते मजुरांच्या बाजूने बोलले. त्यांचा मुद्दा असा होता की, शतकानुशतके इंग्लंड आठवड्यातून एक दिवस रविवार पाळीत आले आहे. तेवढ्या दिवसांत नांगर थांबला, दुकाने बंद राहिली. म्हणून देश गरीब झाला काय? उलट विसावा घेतलेला माणूस सोमवारी नव्या जोमाने कामावर आला, म्हणूनच देश श्रीमंत झाला. हा रविवारचा मुद्दा लक्षात ठेवा. थोड्याच वेळात तो आपल्याला परळला भेटणार आहे.

१८४७ साली दहा तासांचा कायदा झाला. तो मांडणारे जॉन फील्डन हे स्वतः मोठे गिरणीमालक होते. कायदा स्त्रिया आणि अठरा वर्षांखालच्या मुलांपुरता होता, पण त्यांच्यावाचून गिरणी चालणेच कठीण, तेव्हा पुरुषांचा दिवसही बहुतेक ठिकाणी आपोआप आखडला. मालकांनी पळवाटा काढल्या, पाळ्या अदलून-बदलून दिवस ताणला. १८५० साली अर्धा तास परत देऊन त्या पळवाटा बंद कराव्या लागल्या. आणि नफा? लँकेशायरचा कापडधंदा बुडाला तर नाहीच, पुढची काही वर्षे त्याच्या भरभराटीची ठरली. शेवटचा तास गेला आणि नफा जागच्या जागी राहिला!

मार्क्सबद्दल आणखी दोन शब्द सांगितले पाहिजेत. तो आणि एंगल्स ह्यांनी १८४८ च्या जाहीरनाम्यात भांडवलशाहीच्या निर्मितिशक्तीची जेवढी प्रशंसा केली आहे तेवढी तिच्या कैवाऱ्यांनीही क्वचितच केली असेल. आणि कामाच्या दिवसावर त्याने जे मोठे प्रकरण लिहिले त्याचा पुष्कळसा पुरावा सरकारी अहवालांतला आहे. ते चार तपासनीस आठवतात ना? त्यांच्यातल्या लेनर्ड हॉर्नर ह्या कर्तव्यनिष्ठ अधिकाऱ्याची मार्क्सने मुक्तकंठाने स्तुती केली आहे. मार्क्सचे म्हणणे असे की, मालक आपण विकत घेतलेला दिवस पुरेपूर वापरण्याचा हक्क सांगतो. मजूर आपली शक्ती उद्यासाठी राखण्याचा हक्क सांगतो. बाजाराच्या नियमाने दोघेही खरे. मग निवाडा कशाने होणार? बळाने. तास कमी झाले की मालक यंत्राची गती वाढवतात आणि तेवढ्याच वेळात अधिक काम पिळून घेतात, हेही त्याने पाहिले होते. ही व्यवस्था अखेर आपल्याच ओझ्याखाली कोसळेल, हे त्याचे भाकीत मात्र इंग्लंडात खरे ठरले नाही. त्याचे एक कारण असे की, त्याच्यासारख्या टीकाकारांचे म्हणणे तिने अर्धेमुर्धे का होईना ऐकले.

आता मुंबईला येऊ. कावसजी नानाभाई दावर ह्यांनी १८५४ साली कंपनी काढली आणि १८५६ साली ताडदेवला त्यांची गिरणी सुरू झाली. कोकणातून, घाटावरून माणसे आली. गिरणीचा दिवस सूर्याला बांधलेला होता. उजाडले की सुरू, अंधारले की बंद. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून कामही मोठे. पगार मात्र सूर्याबरोबर वाढत नसे. आठवड्याची सुटी ठरलेली नाही. बायका-मुले सर्वांना तोच भोंगा.

ह्या मुलांच्या बाजूने पहिल्याने कोण बोलले? एक होते मुंबईचे पारशी समाजसेवक सोराबजी शापूरजी बंगाली. आणि दुसरे, सांगायला नवल वाटते, लँकेशायरचे गिरणीमालक! त्यांना मुंबईच्या मुलांचा पुळका आला होता असे नव्हे. मुंबईचे स्वस्त सूत त्यांच्या बाजारपेठा खाऊ लागले होते. दहा तासांचा कायदा त्यांना स्वतःला नको होता. तो आता मुंबईला हवा, असे ते म्हणू लागले. त्यामुळे आपल्याकडे मोठा पेच पडला. राष्ट्रीय वृत्तीच्या बहुतेक वृत्तपत्रांनी कारखाना कायद्याला विरोध केला. त्यांच्या दृष्टीने ती देशी धंद्यावर परक्यांनी टाकलेली धाड होती. आगरकरांच्या प्रभावाखाली असताना पुण्याच्या 'मराठा' पत्राने मजुरांची बाजू घेतली, पण तो अपवाद. हेतू वाईट असला तरी मागणी खरी असू शकते, आणि हेतू देशभक्तीचा असला तरी सात वर्षांचे पोर पहाटे गिरणीत जाणे चांगले ठरत नाही. हा विवेक त्या गदारोळात फार थोड्यांना राहिला. १८८१ साली पहिला कायदा झाला. सात वर्षांखालच्या मुलांना बंदी, सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तास. मोठ्या माणसांसाठी त्यात काही नव्हते.

मोठ्या माणसांची बाजू मांडायला पुढे आले नारायण मेघाजी लोखंडे. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते, आणि १८८० पासून 'दीनबंधु' पत्राचे चालक. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळला गिरणीकामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. त्यातल्या मागण्या ऐका. रविवारची पूर्ण सुटी. दुपारी अर्धा तास विसावा. सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. यंत्रात हात सापडून जखमी झालेल्याला उपचाराच्या काळात पगार. ह्यांत कुठे नफ्याचा वाटा मागितलेला नाही, गिरणीची मालकी मागितलेली नाही. सूर्य मावळल्यावर घरी जाऊ द्या, एवढेच मागणे.

त्यासाठी सहा वर्षे लागली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर दहा हजार कामगारांची सभा झाली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. १८९० सालची ही गोष्ट! १० जूनला मालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. पुढच्या वर्षीच्या कायद्याने आठवड्याची सुटी आली आणि स्त्रियांचा दिवस अकरा तासांवर आला. १८९७ साली मुंबईत प्लेग पसरला असता लोखंड्यांचा त्यातच अंत झाला. त्यांच्यापाशी संपासाठी निधी नव्हता, वर्गणीदार सभासदांची यादी नव्हती. होते ते एक वृत्तपत्र, सह्यांचे कागद आणि चिकाटी. मेकॉलेने पार्लमेंटात ज्या रविवारची महती गायिली, तो परळच्या माणसाला मिळवून दिला ह्या गृहस्थाने.

पण वाद संपला नव्हता. गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्याची मर्यादा नाहीशी झाली. १९०५ च्या सुमाराला दिवस चौदा-चौदा तासांपर्यंत लांबला. आपल्या मालकांनीही आपला 'शेवटचा तास' शोधून काढला. त्यांचे म्हणणे असे की, हिंदी मजूर मधूनमधून विडी ओढायला, पाणी प्यायला बाहेर जातो. तेव्हा त्याचे बारा-चौदा तास खरे धरू नयेत. जो माणूस चौदा तास उभा राहतो तो मधून बाहेर जातो म्हणून दिवस लांब ठेवायचा, की दिवस लांब आहे म्हणून तो मधून बाहेर जातो, ह्याचा विचार तुम्हीच करा. १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुषांना प्रथमच बारा तासांची मर्यादा मिळाली. १९२२ साली अकरा तास आणि आठवड्याचे ६०. १९३४ साली दहा तास आणि ५४. १९४६ साली, डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळीत असताना, ४८. आणि १९४८ च्या कारखाना कायद्याने ते ४८ तास स्वतंत्र भारतात कायम झाले. तिकडे वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेने आठ तास आणि ४८ तासांचा ठराव १९१९ सालीच केला होता.

डॉ. आंबेडकरांचे नाव आले म्हणून एक गोष्ट येथेच सांगतो. ती ह्या साऱ्या टीकेवरची टीका आहे. मुंबईच्या गिरण्यांत विणकामाच्या खात्यात पगार चांगला असे. पण कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि विटाळ होईल म्हणून अस्पृश्य कामगारांना त्या खात्यात घेऊ देत नसत. ही बंदी पाळणारे कोण? बरोबरीचे कामगारच. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी आंबेडकरांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे ठेवला. १९३८ साली मनमाडला रेल्वेच्या दलित कामगारांपुढे बोलताना भांडवलशाही आणि ब्राह्मणशाही हे मजुरांचे दोन शत्रू आहेत, असे त्यांनी सांगितले, आणि ब्राह्मणशाही म्हणजे एखादी जात नव्हे, समता नाकारणारी वृत्ती, असा खुलासाही केला. युरोपातल्या टीकाकारांनी मालक आणि मजूर एवढेच दोन पक्ष पाहिले होते. मजुरांच्या रांगेतही वर आणि खाली असते, हे आपल्याकडच्या टीकाकाराने दाखवले. घरी येऊन चूल पेटवणाऱ्या कामगार स्त्रीचा दिवस किती तासांचा, हा प्रश्नही असाच रांगेत मागे राहिला. त्या तासांना कोणताच भोंगा नव्हता.

१९३० साली, जगभर मंदी पसरली असताना, केन्स ह्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने एक आशावादी निबंध लिहिला. शंभर वर्षांनी यंत्रे इतकी सुधारतील की आठवड्याला पंधरा तास काम पुरेल, असा त्याचा अंदाज होता. ती शंभर वर्षे २०३० साली पुरी होतील. यंत्रे त्याच्या कल्पनेपेक्षाही पुढे गेली; पंधरा तास मात्र आले नाहीत. आपल्याकडे तर १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास गिरणीकामगार उतरले आणि त्यातल्या कित्येकांना पुन्हा भोंगा ऐकायला मिळालाच नाही. गिरण्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. आज त्याच रस्त्यांवरून पाठीवर पेटी घेऊन दुचाकीवर जेवण पोहोचवणारा मुलगा धावतो. त्याला कुणी बारा तास काम कर म्हणत नाही. प्रत्येक खेपेचा दर एवढा ठेवतात की तो आपण होऊनच बारा तास करतो. त्याच्या दिवसाचा तपासनीस कोण, हे अजून नीट ठरायचे आहे.

आणि जुना वाद नव्या वेषात परत आला आहे. २०२३ साली एका नामांकित उद्योगपतींनी तरुणांना आठवड्याला सत्तर तास काम करण्याचा सल्ला दिला, आणि देशभर त्यावर चर्चा झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातल्या दिवसाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याची मर्यादा ४८ तासांचीच ठेवली आणि कामगाराच्या संमतीची अट घातली. ह्यावर तुमचे मत काय असावे हे मी सांगणार नाही. धंद्यालाही अडचणी असतात. भाडे तेवढेच राहते, हे आपण भाकरीच्या हिशेबातही मान्य केले आहे. मी एवढेच सुचवीन की, असा प्रश्न पुढे आला म्हणजे तीन गोष्टी विचारून पाहाव्यात. पहिली: हिशेब कुणी मांडला, आणि त्यात कापूस निसटला तर नाही ना? दुसरी: जिथे तास कमी झाले तिथे प्रत्यक्षात काय घडले? आणि तिसरी: संमती देणाऱ्याला 'नाही' म्हणण्याची सोय आहे काय?

भांडवलशाहीने जगाला स्वस्त कापड दिले, आगगाडी दिली, औषधे दिली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण रविवार तिने दिलेला नाही. तो तिच्याकडून घ्यावा लागला. घेणाऱ्यांत गिरणीमालक होते, सनातनी होते, क्रांतिकारक होते, सरकारी तपासनीस होते आणि महालक्ष्मीच्या मैदानावर उभ्या राहिलेल्या, इतिहासाने नावेही न टिपलेल्या त्या दोन बाया होत्या. टीकाकारांनी भांडवलशाही बुडवली नाही. माणसांना तिच्यात राहता येईल अशी केली. हे काम एका पिढीने करून ठेवले म्हणजे पुढच्या पिढीला करावे लागत नाही, असे मात्र इतिहासात कुठे दिसत नाही.